सर्व्हर बंद करायला शिका

सर्व्हर चालू कसा करायचा हे दाखवणारे व्हिडिओ पोत्यानं मिळतात. बंद कसा करायचा ते कुणी धड सांगत नाही, आणि आमच्या परभणीकडं खरं काम तेच पडतं. माझ्या कॉलेजात एक सर्व्हर आहे. त्यावर प्रॉक्समॉक्स, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि आत चार व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेले वेगवेगळे कॉम्प्युटर): एक नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांना आयपी पत्ते वाटणारं, एक डेटाबेसचं, एक ऑनलाईन वर्गांच्या मूडलचं, एक ग्रंथालयाचा कारभार बघणाऱ्या कोहाचं. लहान कॉलेजात थोडंफार असंच असतं, म्हणून माझी पद्धत लिहिते.

आधी लाईट. यूपीएस विकणाऱ्यानं सांगितलेली मिनिटं विसरा. सीलबंद बॅटरीचं आयुष्य 25 अंश तापमान धरून सांगितलेलं असतं. त्यावर 8-10 अंश चढले की ते साधारण निम्म्यावर येतं. आणि आपला यूपीएस कुठं असतो? जिन्याखाली, जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांशेजारी, वारं नाही अशा कोपऱ्यात. म्हणून उन्हाळा लागायच्या आधी, एखाद्या शनिवारी मुलं गेल्यावर, आतली व्हर्च्युअल मशीन बंद करा, यूपीएसचा मेन काढा आणि घड्याळ लावा. बॅटरी निम्म्यावर आली की थांबा. मशीन बंद असल्यानं लोड थोडा कमी असतो, तेवढं धरून चाला. जो आकडा येईल तोच तुमचा.

यूपीएसला यूएसबीची केबल असेल तर नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर टाकायचं. बॅटरी उतरली की ते सर्व्हरला स्वतःहून शटडाऊन करतं. पण बऱ्याच ठिकाणी मोठा इन्व्हर्टर असतो, त्याला कसली केबल नि कसलं काय. त्यावर माझा उपाय असा आहे: एक जुना राउटर यूपीएसवर न लावता थेट भिंतीच्या बोर्डात लावायचा. सर्व्हर दर मिनिटाला त्याला पिंग करतो, म्हणजे 'आहेस का?' असं विचारतो. लागोपाठ पाच वेळा उत्तर आलं नाही की लाईट गेली असं समजून शटडाऊन सुरू. मात्र एका राउटरवर विसंबू नका. एक फेज जाणं आपल्याकडं रोजचं आहे, किंवा शिपाईमामा झाडताना प्लग काढतात. दोन राउटर, दोन वेगळ्या फेजवर. दोन्ही गप्प झाले तरच बंद. मधला नेटवर्क स्विच तेवढा यूपीएसवर हवा, नाहीतर तो आधी जाईल आणि पिंगला अर्थ उरणार नाही.

आता क्रम. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये स्टार्ट-शटडाऊन ऑर्डर असते. लहान आकडा आधी सुरू होतो आणि बंद होताना बरोबर उलटं. आयपी वाटणाऱ्याला 1, डेटाबेसला 2, मूडल आणि कोहाला 3. म्हणजे बंद होताना आधी मूडल-कोहा जातात, मग त्यांच्या पायाखालचा डेटाबेस. मशीन ऐकत नसेल तर प्रॉक्समॉक्स मुळात 180 सेकंद वाट बघतं. तीन टप्पे धरले तर वाईटात वाईट 9 मिनिटं, वर खुद्द सर्व्हरला लागणारी दोन. पिंगमध्ये पाच मिनिटं आधीच गेलेली असतात. ही बेरीज तुमच्या घड्याळाच्या आकड्यात बसते का बघा. बसत नसेल तर 180 चे 90 करा. प्रत्येक मशीनच्या आत क्यूईएमयू गेस्ट एजंट हा छोटा प्रोग्राम टाकून ठेवा, म्हणजे बंद व्हायचा निरोप नीट पोचतो.

सर्व्हरच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) लाईट आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते. मी ती बंद ठेवते. आपल्याकडं लाईट आली म्हणजे आलीच असं नसतं. रिकाम्या बॅटरीवर सर्व्हर उठतो आणि अर्ध्यात पुन्हा जातो. अर्धा तास लाईट टिकली की हातानं चालू करायचा. प्राचार्य विचारतील, "मॅडम, अजून चालू नाही?" विचारू द्या.

सर्व्हरवरच्या लिनक्स अकाउंटचंही तसंच आहे. उघडायला दोन मिनिटं लागतात, बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. आमच्याकडं सीएचबीवाले (तासिका तत्त्वावरचे) प्राध्यापक सत्र संपलं की जातात, आणि त्यातले बरेच पुढच्या वर्षी पुन्हा येतात. म्हणून अकाउंट उघडतानाच चेज (chage) कमांडनं शेवटची तारीख टाकायची, ऑर्डरवर असते ती. ऑर्डर 30 एप्रिलपर्यंत असेल तर 1 मे टाका, कारण दिलेल्या तारखेलाच दार बंद होतं. मध्येच कुणी सोडून गेलं तर नुसतं पासवर्ड लॉक करून भागत नाही. ज्यानं एसएसएचची की (पासवर्डशिवाय लांबून आत यायची किल्ली) ठेवली आहे तो तरीही आत येतो. यूजरमॉड (usermod) कमांडनं लॉकही करा आणि मुदतीची तारीखही मागची टाका. चालू सेशन तोडा, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघा, सुडोच्या, म्हणजे अॅडमिनचे अधिकार देणाऱ्या, फोल्डरमध्ये त्याच्या नावाची फाईल आहे का तेही बघा.

अकाउंट पुसणारी युजरडेल (userdel) कमांड मात्र लगेच चालवू नका. लिनक्स फाईलवर माणसाचं नाव नव्हे, नंबर लिहितं. सगळ्यात शेवटी उघडलेलं अकाउंट उडवलं तर पुढच्या नव्या माणसाला तोच नंबर मिळतो, आणि इकडंतिकडं राहिलेल्या जुन्या फाईली त्याच्या होतात. एसटीत उतरलेल्याची पिशवी वर रॅकवर राहावी आणि त्या सीटवर बसणाऱ्याची व्हावी, तसं. उडवायचंच असेल तर होम फोल्डरचा बॅकअप घ्या, युजरडेल करा आणि लगेच फाइंड कमांडचा नोयूजर पर्याय चालवून बेवारशी फाईली शोधा.

व्हर्च्युअल मशीनलाही हाच नंबराचा घोळ आहे, आणि तो जास्त महागात पडतो. समजा 104 नंबरचं मशीन काढून टाकलं. पुढचं नवं मशीन करताना प्रॉक्समॉक्स मोकळा झालेला 104 परत पुढं करतं. तुम्ही ओके म्हणालात की जुन्या मशीनचे बॅकअप नव्याच्याच यादीत दिसू लागतात. बॅकअप जॉबमध्ये फक्त शेवटचे तीन ठेवा असं सांगितलेलं असेल, तर नव्या मशीनचे तीन बॅकअप झाले की जुन्याचे पुसले जातात. कोहाचं जुनं मशीन असं गेलं तर ग्रंथपाल तुम्हाला सोडणार नाहीत.

तेव्हा मशीन काढायची रीत अशी. आधी नुसतं बंद करा आणि आपोआप सुरू व्हायची खूण काढा. महिनाभर कुणी विचारत आलं नाही तर शेवटचा पूर्ण बॅकअप घ्या. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, मशीनबरोबरच जातो. बॅकअपला प्रोटेक्टेडची खूण करा, त्याच्या नोट्समध्ये मशीन कुणाचं होतं आणि का काढलं ते मराठीत लिहा, आणि एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग डिलीट करताना बॅकअप जॉबमधून मशीनचं नाव काढणाऱ्या पर्जच्या चौकोनात खूण करा. आणि नव्या मशीनला नंबर देताना समोर आलेला आकडा खोडून कधीच न वापरलेला टाका.