कोल्हापुरातून कादंबरी प्रकाशकाकडे पाठवताना

मराठीत लेखकाचा एजंट जवळपास नसतोच. हस्तलिखित थेट प्रकाशकाकडे जातं. म्हणून आधी करवीर नगर वाचन मंदिरात जा आणि आपल्या जातकुळीच्या अलीकडच्या कादंबऱ्या कोणी छापल्यात ते पाहा. बालसाहित्य काढणाऱ्याकडे गुन्हेगारी कादंबरी पाठवली तर ती न वाचताच परत येते.

आधी फोन करून हस्तलिखितं घेताय का, हे विचारा. मग एक पानाचं पत्र, शेवटासकट कथासार आणि पहिली तीन प्रकरणं पाठवा. शेवट लपवू नका, संपादकाला तो लागतोच.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर ‘सूर्य’, ‘कर्ज’ असे रफारवाले शब्द आणि ‘पि’, ‘कि’ची ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, तिथंच अक्षरं हमखास फुटतात. सोबत पीडीएफही जोडा. पानांना क्रमांक घाला, मूळ प्रत घरीच ठेवा.

दिवाळी अंकांच्या धांदलीत पाठवू नका. तीन महिन्यांनी एक नम्र आठवण पुरे. होकार आला तरी पुस्तक हाती यायला वर्ष लागू शकतं.

करार मात्र शांतपणे वाचा. हक्क किती वर्षांसाठी दिले, हे लिहिलं नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती मुदत ५ वर्षं धरतात. मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, आवृत्ती किती प्रतींची, अनुवादाचे आणि चित्रपटाचे हक्क कोणाकडे, हे सगळं सहीआधी लेखी घ्या.