40 तासांच्या प्रशिक्षणानंतरचं पहिलं प्रकरण

वकिलीत अकरा वर्षं घालवून मी मध्यस्थीचं 40 तासांचं प्रशिक्षण घेतलं, आणि पहिल्याच व्यापारी प्रकरणात चुकलो. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी ते सांगतो. गोपनीयता पाळायची म्हणून तपशील बदलले आहेत.

एक फाउंड्रीवाले, म्हणजे धातूचं ओतकाम करणारे; एक मशीनशॉपवाले, म्हणजे ते ओतीव तुकडे मशीनवर घडवणारे. बारा वर्षांचा व्यवहार. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव तुकड्यांत, ब्लोहोल (आतली हवेची भोकं) निघाले म्हणून मशीनशॉपने डेबिट नोट (बिलातून रक्कम वळती केल्याचे कागद) काढल्या आणि 18 लाखांची बिलं अडवली. वाणिज्य न्यायालय कायद्यात 2018 मध्ये कलम 12-अ आलं. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर अशा दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात तसं स्पष्टच सांगितलं. फाउंड्रीवाल्यांचा अर्ज त्यामुळे झाला. समोरचा मशीनशॉपवाला आलाच नसता, तर दाव्याची वाट मोकळी झाली असती. पण तो आला.

आणि मी पहिल्या तासातच विचारलं, "कितीवर मिटवायचं?" एक 18 लाखांवर बसला, दुसरा 9 वर. बोलणंच थांबलं.

पुढच्या तारखेला दोघांना वेगवेगळं भेटलो, आकड्याचं नावही काढलं नाही. फाउंड्रीवाले म्हणाले, "साहेब, खराब तुकडा कधी डोळ्याला दाखवला नाही. नुसता कागद येतो." मशीनशॉपवाले म्हणाले, "तीन तास मशीनवर घातल्यावर भोक दिसतं. ते तीन तास कुणाच्या खात्यावर?" खरं दुखणं इथे होतं. दोघांची परवानगी घेऊन मगच ते एकमेकांसमोर मांडलं. स्वतंत्र बैठकीतला शब्द परवानगीशिवाय बाहेर न्यायचा नाही, यात जराही ढिलाई नको.

रक्कम तीन हप्त्यांत ठरली. वेळ गेला तो करारातल्या दुसऱ्याच कलमावर: दोष सापडला की दोन्हीकडच्या माणसांनी मिळून तुकडा बघायचा, मगच डेबिट नोट, मशीनचा खर्च निम्मा-निम्मा. मी मसुद्यात 'योग्य मुदतीत' लिहिलं होतं. फाउंड्रीवाल्यांनी ते खोडून 'सात दिवसांत' करायला लावलं. बरोबर होतं त्यांचं. करार मोडला तर नव्याने दावा न लावता अंमलबजावणी मागता येते हे खरं, पण 'योग्य' म्हणजे किती, यावरूनच पुन्हा भांडण झालं असतं.

तेव्हापासून दोन गोष्टी आधीच मागून घेतो: तारखेवार लावलेली माल पाठवल्याची चलनं आणि डेबिट नोट, आणि सहीचा अधिकार असलेला माणूस. त्या दिवशी सह्यांआधी मशीनशॉपच्या सुपरवायझरलाही बोलावून कलम वाचून दाखवलं. तुकडा बाजूला काढून ठेवायचं काम त्याचंच होतं.