नेपियर लावताय? आधी गिऱ्हाईक बघा, मग बेणं आणा

मृग आठवड्यावर आलाय आणि आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय, नेपियर, म्हणजे उंच वाढणारं चाऱ्याचं गवत. ते कुजवून गॅस काढायचा प्लांट येणार, एकरी लाखाने पैसे, बेणं मात्र आमच्याकडनंच घ्या, वगैरे. लावू नका असं नाही म्हणत मी, स्वतः पाच गुंठे लावणारे. पण भाताच्या खाचरात नाही.

नेपियरला पाणी लागतं भरपूर, पण साचलेलं चालत नाही, मुळं कुजतात, आणि आपल्या खाचरात जुलैभर घोटाभर पाणी म्हणजे विषयच संपला. वरकस, म्हणजे चढावरची जमीन घ्या, जिथे नाचणी-वरी बंद होऊन नुसतं गवत उगवतंय ती. फक्त उन्हाळ्यात तिथे बोअरचं किंवा शेततळ्याचं पाणी पोचलं पाहिजे, नाहीतर पावसाळ्यातल्या कापण्या मिळतील आणि नंतर गवत सुकून बसेल.

दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या, तीन बाय दोन फुटांवर. गुंठ्याला १८० च्या आसपास लागतात, एकराला साधारण ७,२६०, म्हणून कुणी एकराला वीस हजार गळ्यात मारत असेल तर गणित विचारा त्याला. खरं तर एकदा थोडं जगलं की पुढचं बेणं घरचंच होतं. राहुरी विद्यापीठाचा फुले जयवंत मिळाला तर बघा.

आता मुख्य गोष्ट. ओल्या नेपियरमध्ये पाचातले चार हिस्से पाणीच असतं, म्हणजे दहा टन गवत भरलं की सुका माल जेमतेम दोन टन, बाकी आठ टन पाण्याचं भाडं भरतोय आपण. प्लांट लांब असेल तर टेम्पोवालाच कमावणार. करार पुढे केला तर विचारा, रेट ओल्या टनावर की सुक्या, तोडणी कोणाची, भाडं कोणाचं. आणि प्लांट जाऊन बघा, शेणाचा वास येतोय का नुसता बोर्ड लावलाय.

प्लांट नाहीच झाला तर? नेपियर निदान कल्याण-भिवंडीच्या तबेल्यांत चारा म्हणून विकता येतं (गुरांना नुसतं तेच घालू नका हां, त्यात ऑक्झलेट नावाचं अपायकारक द्रव्य असतं, पेंढा मिसळा). जट्रोफाचं, म्हणजे बियांच्या तेलापासून डिझेल करायच्या झुडपाचं, तसं नव्हतं. २००३ नंतर केवढा गाजावाजा, पडीक जमीन, बिनपाण्याचं डिझेल. आमच्या काकांनी अख्ख्या बांधाला लावला, झाडं जगली, पण बी मूठभर आणि रोपं विकणारा पुन्हा फिरकला नाही. वर बिया विषारी, पोरांवर लक्ष ठेवायचं काम वाढलं.

पाणी नसेल तर माणगा बांबू बरा. भरीव, बिनकाट्याचा, आणि २०१७ पासून वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड धरत नाहीत. चार-पाच वर्षं थांबावं लागतं मात्र. आणि तो सगळाच जाळायला विकू नका राव, सरळ काठी मांडववाल्याला, वाकडंतिकडं आणि शेंडे पेलेटवाल्याला (भुसा दाबून जळणाच्या गोळ्या करतो तो). खाचराच्या बांधावर नको, सावलीने भात जातो. ओढ्याकाठी तेलबियांचा करंज आहेच, तो तोडू नका म्हणजे झालं.

नेपियरची लागवड पावसाच्या पहिल्या सरीवर नको, दोन-तीन चांगले पाऊस मुरू द्या. आणि कुंपण आधी, गावातली गुरं आवणीपर्यंत (भातलावणी) मोकाट असतात, कोवळं नेपियर एका रात्रीत साफ करतील.