एकतर्फी घटस्फोट आणि मालमत्तेची असमान वाटणी: हुकूमनामा रद्द कसा करून घ्यायचा

घटस्फोटाच्या दाव्यात एक पक्ष गैरहजर राहिला, न्यायालयाने एकतर्फी हुकूमनामा (डिक्री, म्हणजे निकालाचा अंतिम आदेश) केला आणि फ्लॅट, ठेवी, दागिने यांचा मोठा वाटा समोरच्याकडे गेला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. मात्र वाटणी न्याय्य झाली का, हा प्रश्न या अर्जात नसतो. न्यायालय पाहतं ते एवढंच: समन्स रीतसर बजावलं होतं का, आणि बजावलं असेल तर गैरहजेरीला पुरेसं कारण होतं का. यांतली एक गोष्ट सिद्ध झाली तरी पुरते. म्हणून वाटणीवरचा राग पानोपानी आणि समन्सबद्दल दोनच ओळी, असा अर्ज लिहू नका.

निकाल खरंच लागलाय का, हे आधी बघा. रोजनाम्यात, म्हणजे दाव्याच्या तारखांवर काय झालं याच्या न्यायालयीन नोंदीत, दावा एकतर्फी चालवण्याचाच आदेश असेल आणि हुकूमनामा व्हायचा असेल, तर त्याच आदेश ९ च्या नियम ७ खालचा अर्ज पुरतो आणि तो बराच सोपा असतो.

मुदत ३० दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात; समन्स रीतसर बजावलं नसेल तर हुकूमनामा कळला त्या दिवसापासून. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीसारखी पर्यायी बजावणी या मुदतीपुरती रीतसर बजावणी धरली जात नाही. हुकूमनामा कधी आणि कोणाकडून कळला, हे प्रतिज्ञापत्रात तारखेसह लिहा. उशीर झाला असेल तर मुदत अधिनियमाच्या कलम ५ खाली विलंब माफीचा स्वतंत्र अर्ज जोडा. प्रमाणित नकल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात. इथे ती सवलत गृहीत धरू नका.

नकल विभागात अर्ज करून हुकूमनामा, निकालपत्र, संपूर्ण रोजनामा, बेलिफाचा (समन्स बजावणाऱ्या न्यायालयीन कर्मचाऱ्याचा) अहवाल आणि टपालाची पोच यांच्या नकला काढा. खरं काम बेलिफाच्या अहवालावर होतं. समन्स कोणत्या पत्त्यावर नेलं? कोणी घेतलं? घरातल्या प्रौढ नातेवाइकाने घेतलेलं चालतं, पण नोकर हा कुटुंबातला धरत नाहीत. पत्नी माहेरी राहत असताना समन्स सासरच्या पत्त्यावर गेलं आणि नवऱ्याच्याच माणसांनी सही केली, तर तो मुद्दा भक्कम आहे. दारावर चिकटवलं असेल तर घर कोणी दाखवलं आणि कोणासमोर चिकटवलं, त्यांची नावं-पत्ते अहवालात हवेत. तुम्ही तेव्हा दुसरीकडे राहत होता, याचा पुरावा त्या काळातला द्या: भाडेकरार, वीजबिल, नोकरीचं पत्र, दवाखान्याचे कागद.

बजावणीत किरकोळ चूक असली, पण तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता, तर केवळ त्या चुकीवर हुकूमनामा रद्द होत नाही. नोंदणीकृत टपाल नाकारणं तर फार महागात पडतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका एकतर्फी घटस्फोटात नोटीस नाकारली म्हणजे ती बजावली गेली, असं मानून हुकूमनामा कायम ठेवला. त्या प्रकरणात नवऱ्याने दरम्यान दुसरं लग्नही केलं होतं.

अर्जासोबतच अंमलबजावणीला स्थगिती मागा, नाहीतर दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज) दाखल होऊन ताबा जाईल. इंडेक्स २ (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा), मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, हप्ते भरल्याचे बँक उतारे आणि दागिन्यांच्या पावत्या इथे जोडा. तुमच्या बाजूत तथ्य आहे, हे त्यातून दिसतं. महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. ती न नोंदवता मालमत्ता विकली गेली, तर खरेदीदाराविरुद्ध बाजू लंगडी पडते.

वाटणीच चुकली, असं म्हणायचं असेल तर मार्ग अपिलाचा. कुटुंब न्यायालय अधिनियमात ३० दिवस दिले असले, तरी हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ९० दिवस मान्य केले आहेत. हिंदू विवाह कायद्यात निम्म्या-निम्म्या वाटणीचा नियम नाही, त्यामुळे 'असमान' एवढं कारण अपुरं पडतं; पैसा कोणाचा, मालकी कोणाची, स्त्रीधन कोणतं, हे दाखवावं लागतं. गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर सामाईक मालमत्तेत दोघांचा निम्मा हिस्सा असतो, म्हणून तिथे हा आक्षेप थेट घेता येतो. घटस्फोट मान्य असेल आणि तक्रार वाटणीपुरतीच असेल, तर आमच्या मते अपीलच बरं. मात्र अपील मागे न घेता त्याचा निकाल लागला, की नियम १३ चा अर्ज चालत नाही. उलट अर्ज फेटाळला गेला, तर त्या आदेशावर वेगळं अपील आहे.

समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय अर्ज मंजूर होत नाही, आणि मंजूर करताना न्यायालय खर्च भरायला सांगू शकतं. ती रक्कम दिलेल्या तारखेच्या आत भरा. दावा पुन्हा सुरू झाला की लेखी कैफियत (दाव्याला तुमचं लेखी उत्तर) लगेच द्यावी लागेल, म्हणून ती अर्जासोबतच लिहून ठेवा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.