देवावर भरवसा ठेवताना या चुका टाळा

उपासना संपते, लोक पांगतात, आणि कोणीतरी मागे थांबून हळूच विचारतं, “प्रार्थना करते हो रोज, पण भीती काही जात नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?” हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, आणि स्वतःलाही इतक्यांदा विचारला आहे, की त्याबद्दल लिहायलाच हवं होतं. बहुतेक वेळा विश्वास कमी नसतो. तो कसा असावा याची आपली कल्पना चुकलेली असते.

भीती वाटली म्हणजे विश्वास उरला नाही, असं धरून चालणं

बायबलमधल्या स्तोत्र ५६ मध्ये दावीद राजा म्हणतो की मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. भीती आणि भरवसा एकाच ओळीत आहेत. भीती गेल्यावर भरवसा ठेवीन, असं तो म्हणत नाही. मार्क ९ मधला बाप आठवा. मुलाच्या आजाराने खचलेला तो माणूस येशूला ओरडून सांगतो की मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याला ‘आधी विश्वास पक्का करून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. मुलाला बरं केलं.

तेव्हा मनात काय दाटून आलंय हे तपासत बसू नका. ते घेऊन आपण कोणाकडे गेलो, एवढं पाहा.

उद्याचं बळ आजच मागणं

ही चूक सगळ्यात जास्त झोप उडवते. निर्गम १६ मध्ये इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळू लागला. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा, सकाळपर्यंत शिल्लक ठेवायचा नाही. काहींनी ठेवलाच. त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, कारण सातव्या दिवशी विसावा होता, आणि तेवढा साठा मात्र नासला नाही. असं ४० वर्षं चाललं. देवाला महिन्याचा साठा एकदम देता आला नसता का? पण मग रोज सकाळी तंबूबाहेर कोण आलं असतं?

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असंच आहे. आपण मात्र रात्री पडल्या पडल्या पुढच्या वर्षात जाऊन पोचतो. नोकरी गेली तर, तपासणीत काही निघालं तर, मुलाचं नीट झालं नाही तर. त्या कल्पनेतल्या दिवसात आपण नेहमी एकटेच असतो, हे कधी लक्षात आलंय? तो दिवस अजून उगवलेला नाही, म्हणून त्या दिवसाची कृपाही अजून हातात आलेली नाही. आजच्या बळावर उद्याचं ओझं उचलायला गेलो की कंबर मोडणारच.

मला एक साधी सवय उपयोगी पडली. चिंता कागदावर लिहायची आणि तिच्यातलं आज माझ्या हातात काय आहे ते शोधायचं. एखादा फोन, एखादी माफी, एखादा अर्ज. तेवढ्यासाठी प्रार्थना करायची आणि ते काम उरकायचं. बाकीचं १ पेत्र ५:७ प्रमाणे देवावर टाकायचं. ते रात्रीतून परत येतंच. मग पुन्हा टाकायचं.

वचन मागचंपुढचं न वाचता उचलणं

यिर्मया २९:११ कितीतरी घरांच्या भिंतींवर दिसतं. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, हे खरंच आहे. पण त्याच्या आधीच्याच वचनात ७० वर्षं वाट पाहण्याची गोष्ट आहे. हे वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पत्रातलं आहे. ते पत्र बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं होतं, आणि त्यात त्यांना तिथेच घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, त्या नगराच्या शांतीसाठी प्रार्थना करा असं सांगितलं होतं. ११वं वचन एकटं वाचणारा आठवड्याभरात सुटकेची वाट पाहतो आणि ती आली नाही की देवावर रुसतो. पूर्ण अध्याय वाचणारा बाग लावायला घेतो.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. ‘मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे प्रेषित पौलाने कैदेतून लिहिलं, आणि त्याआधी तो पोट भरलेलं असण्याविषयी आणि उपाशी असण्याविषयी बोलतोय.

प्रार्थना केली म्हणून हातपाय न हलवणं

नहेम्या ४:९ पाहा. शत्रू चालून येणार हे कळल्यावर यरुशलेमचा तट बांधणाऱ्या लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. औषध घेणं, सल्ला घेणं, हिशेब नीट ठेवणं यात अविश्वास नाही. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता.

मन खचलेल्यांबद्दल तर मला कळकळीने सांगायचं आहे. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. देवाशी त्याचं बोलणं होतं ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून नैराश्यात असलेल्याला ‘अजून प्रार्थना कर’ एवढंच सांगून सोडू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा.

उत्तर मिळालं नाही म्हणजे नक्की काहीतरी पाप आहे, असं ठरवणं

हे स्वतःविषयीही ठरवू नका आणि दुसऱ्याविषयी तर मुळीच नको. ज्या त्रासाला तो ‘शरीरातला काटा’ म्हणतो, तो जावा म्हणून पौलाने तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर आलं. मोठ्या दुःखात पडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. कारणं सांगायला तोंड उघडलं आणि शेवटी देवाचा राग ओढवून घेतला. शोकाच्या घरी गेलात तर त्यांचे पहिले सात दिवस आठवा.

पडल्यावर देवापासून लांब राहणं

‘आधी जरा सुधारतो, मग प्रार्थनेला बसतो’ असं म्हणत महिने जातात. लूक १५ मधल्या, बापाचा पैसा उधळून घरी परतणाऱ्या धाकट्या मुलाने वाटेत सगळं भाषण जुळवलं होतं, शेवटी ‘मला चाकरासारखं ठेवा’ हेही होतं. घरी पोचल्यावर ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघालंच नाही. बाप आधीच झगा आणायला सांगत होता. बायबल वाचनाचे दिवस चुकले असतील तरीही हेच. राहिलेले अध्याय भरून काढत बसू नका, आजचा उघडा.

एकट्यानेच सगळं पेलायला जाणं

मार्क २ मधल्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणलं, छप्पर उघडून खाली सोडलं, आणि येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असं लिहिलं आहे. काही दिवस आपण चालत येणारे नसतोच, खाटेवरचे असतो. अशा दिवशी मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका विश्वासू माणसाला फोन करा. लांबलचक कारणं द्यायची गरज नाही. “आज मला प्रार्थना जमत नाहीये, माझ्यासाठी तुम्ही करा,” एवढं सांगितलंत तरी पुरे.