सिम्युलेशनचा पहिला प्रकल्प: एक पोलादी पट्टी
मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावरच्या आभासी चाचणीचा, पहिला प्रकल्प म्हणून संपूर्ण इंजिन निवडण्याऐवजी, जिचे उत्तर कागदावर काढता येते आणि व्हाइसमध्ये (वर्कशॉपच्या शिकंज्यात) पकडून मोजताही येते, अशी साधी पोलादी पट्टी घ्यावी. ती २५ मिमी रुंद व ५ मिमी जाड असावी आणि व्हाइसबाहेर ३०० मिमी राहावी. मोकळ्या टोकाला १ किलोचे वजन टांगल्यास, एका टोकाला जखडलेल्या पट्टीच्या वाकण्याच्या सूत्रानुसार टोक सुमारे १.७ मिमी खाली येते. हा आकडा संगणक सुरू करण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावा.

नंतर फ्रीकॅड या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये तीच पट्टी काढून एक टोक जखडावे, दुसऱ्यावर ९.८१ न्यूटन बल द्यावे आणि मेश (गणितासाठी पट्टीचे केलेले लहान तुकडे) टप्प्याटप्प्याने बारीक करत जावे. टोकाचे वाकणे लवकरच स्थिरावते. जखडलेल्या कडेवरचा स्ट्रेस (पदार्थातला अंतर्गत ताण) मात्र वाढतच राहतो, कारण प्रत्यक्षात नसलेला पूर्ण ताठरपणा आपणच तिथे गृहीत धरलेला असतो. म्हणून स्ट्रेस कडेपासून थोडा दूर वाचावा. माझ्या मते, रंगीत चित्रांच्या ढिगापेक्षा हे एक निरीक्षण अधिक शिकवते.

शेवटी टोकाचे वाकणे डायल गेजने, म्हणजे सूक्ष्म सरकणे काट्याने दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजावे. काटा १.७ च्या बराच पुढे गेला, तर व्हाइसचे जबडे घट्ट करून पट्टीची जाडी व्हर्नियरने तपासावी. सूत्रात जाडीचा घन असल्याने ती ४.८ मिमी भरली तरी वाकणे सुमारे १३ टक्क्यांनी वाढते.