गेम अडखळतोय? आधी राउटरला पिंग करा, मग वायर ओढा

"मामा, तुमचं नेट १००चं आहे ना? मग व्हॅलोरंट गेममध्ये मी रबरासारखा मागे का खेचला जातो?" गेल्या मे महिन्यात सुट्टीला आलेल्या भाच्याचा हा प्रश्न. स्पीड टेस्ट लावली तर ९४ एमबीपीएस. आकडा खरा होता आणि तक्रारही खरी होती. गेम खेळताना डेटा फारसा लागतच नाही, पण तो ठरल्या वेळेला यावा लागतो. एरवी २० मिलिसेकंदांत पोचणारं डेटाचं पाकीट मधूनच १५० घेऊ लागलं, की शत्रू भिंतीतून उगवतो.

आधी मोजा

विंडोजवर सीएमडी (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून 'आयपीकॉन्फिग' टाका (अर्थात इंग्रजी अक्षरांत). 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसतो तो तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. आता 'पिंग' (पाकीट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा), मग तो पत्ता, शेवटी '-टी' आणि एंटर. पाच मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल-सी.

वायरवर इथे १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी येतं आणि तिथेच बसून राहतं. आमच्या वायफायवर काय दिसलं? ३, ४, ३, ८७, ४, ३, १४२. हा गोंधळ हॉल ते बेडरूम एवढ्या अंतरातला होता. त्यासाठी कस्टमर केअरला फोन लावून उपयोग नाही.

राउटरपर्यंतचा आकडा स्थिर असूनही गेम अडखळत असेल, तर दुखणं घराबाहेर आहे. गेममध्ये कुठला सर्व्हर निवडलाय ते बघा. व्हॅलोरंटचा मुंबईत आहे, तो सोडून सिंगापूरला जाऊ नका. फायबरमधून प्रकाशाला १,००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद लागतात. सिंगापूर ४,०००च्या आसपास, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यात ४० गेले. ते कुठलीच वायर वाचवणार नाही. आणि तुमचं कनेक्शनच ५जीवरून हवेतून येत असेल, तर घरात वायर लावली तरी टॉवरपर्यंतचा टप्पा हवेतलाच राहतो.

वायर टाकताना

राउटरपासून पीसीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने सुतळी लावून लांबी मोजा. सरळ अंतर धरू नका. आमच्याकडे डोळ्यांनी ८ मीटर वाटलेलं दाराच्या चौकटीला वळसा घालता घालता १४ झालं. दोन मीटर जास्तच घ्या. कॅट ६ केबल मागा (कॅट म्हणजे नेटवर्क केबलची श्रेणी). कॅट ५ईसुद्धा १०० मीटरपर्यंत १,००० एमबीपीएस देते, त्यामुळे कॅट ८चा मोह नको. 'शुद्ध तांब्याची आहे का' हे मात्र विचारा. स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. मी एकदा तीच आणली. दोनदा वाकवली आणि आतली एक तार तुटली.

दोन्ही टोकांना क्लिप मारलेली तयार केबल घेतली की क्रिम्पिंगची, म्हणजे क्लिप स्वतः दाबून बसवण्याची, कटकट वाचते. केसिंग पट्टीतून ती स्कर्टिंगवरून न्या. विजेच्या पाइपात रिकामी जागा दिसते म्हणून २३० व्होल्टच्या वायरींसोबत ओढू नका. राउटरच्या लॅन पोर्टात (घरातल्या यंत्रांसाठीच्या) लावा, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट येतं त्यात) नव्हे. पीसीवर लिंक स्पीड १००० ऐवजी १०० दिसला, तर क्लिप नीट बसली नसेल, किंवा राउटरचं पोर्टच १००चं असेल. गेमला त्याने काही बिघडत नाही. शेवटी पीसीचं वायफाय बंद करून पुन्हा पिंग लावा.

फोनवर खेळणाऱ्यांनी यूएसबी-सीचं इथरनेट ॲडॉप्टर बघावं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर ते चालतं, आणि चार्जिंग करत खेळायचं तर चार्जिंगचं पोर्ट असलेलंच घ्या.

घरमालक वायर टाकू देत नसेल तर

राउटर टीव्हीमागून बाहेर काढा. कपाटात असेल तर आजच काढा. २.४ आणि ५ गीगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या आणि गेमचं यंत्र ५वर जोडा. २.४मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. सोसायटीतले सगळे राउटर त्यांतच कोंबलेले असतात, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही तिथलेच. ५ भिंतीपुढे लवकर दमतो, म्हणून राउटर आणि तुमच्यामध्ये एकाहून जास्त भिंत नसावी. मेश (घरभर वायफाय पसरवणारे अनेक डबे) घ्यायचं असेल तर त्याचे डबे आपसात केबलने जोडता येतील तेव्हाच घ्या. हवेतून जोडलेला प्रत्येक डबा थोडा वेळ खातोच.

वायर लागली, राउटरचा पिंग १वर बसला, आणि तिसऱ्या दिवशी रात्री गेमचा पिंग पुन्हा २००वर! भाची बाहेरच्या खोलीत लग्नाचे व्हिडिओ बॅकअपला चढवत होती. अपलोडची रांग तुंबली की वायरवाल्यालाही थांबावं लागतं. राउटरच्या क्यूओएसमध्ये (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) जाऊन तिच्या फोनच्या अपलोडला मर्यादा घातली. बॅकअप सकाळपर्यंत चालला, भाचा मात्र त्याच रात्री खेळला.